अमरदादची वीस तारीख

माझ्या दोघा नातवंडांनो,

मोठीचं पत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. त्यात लिहिलं होतं की कॉलेज ८/९ ला सुरू होणार, त्याच दिवशी वसतिगृहाची खोली ताब्यात घ्यायची, आणि आजी, तूही घर सोडून शिकायला गेली होतीस ना, मग काय न्यायचं, कसं राहायचं ते सविस्तर लिही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात आठ सप्टेंबरला खूण केली. दोन महिने हातात आहेत म्हणून चादरीला सावकाश काठ शिवायला घेतला. पुढच्या रविवारी तुमच्या आईचा फोन आला तेव्हा कळलं की तुमच्याकडे परदेशात महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. म्हणजे नऊ ऑगस्ट.

तुमची आई हसली. "आई, जन्मभर इंग्रजी शिकवलंस आणि तारीख वाचता आली नाही तुला?"

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. चादर वेळेवर पोहोचणार नाही. हे पत्र पोहोचेल, म्हणून आजच लिहायला बसले आहे. तारखेवरून एक गोष्ट सांगायची आहे. ती मी तुमच्या आईलाही सांगितलेली नाही. धाकट्याला अजून दोन वर्षं आहेत, पण त्यानेही वाचावं.

आधी विचारलंय त्याचं उत्तर देते. सामान कमी न्या. मी लोखंडी ट्रंक, वळकटी, कंदील, तांब्या, पितळेचा डबा आणि बाबांनी दिलेला शब्दकोश एवढं नेलं होतं, आणि त्यातलाही तांब्या जास्तच झाला. कपड्यांवर आतून दोऱ्याने खूण घाला, धोब्याकडे किंवा यंत्रात सगळ्यांचे कपडे सारखेच दिसतात. कुलपाच्या दोन किल्ल्या असतात, दुसरी स्वतःजवळ ठेवू नका. कचेरीतल्या कारकुनाशी पहिल्याच दिवशी नीट बोला. त्याचं तोंडही न पाहता थेट प्रिन्सिपॉलकडे जाणारी मुलं पुढे तीन वर्षं त्याच खिडकीशी ताटकळतात. वर्गात दुसऱ्या रांगेत बसा. पहिल्या रांगेत शिक्षक आपल्याकडे बघत असतात, त्यामुळे कळलं नाही तरी मान डोलावली जाते. मी पहिली सहामाही मान डोलावण्यात घालवली. 

आणि कॉलेजकडून आलेला प्रत्येक कागद दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. यावरच मला लिहायचं आहे.

आम्ही नांदेडला राहत होतो. राज्य निजामाचं होतं, युद्ध चालू होतं, रॉकेल चिठ्ठीवर मिळायचं. बाबा सरकारी शाळेत शिक्षक होते. शाळा उर्दूतून, घर मराठीतून, आणि इंग्रजी बाबा सकाळी अंघोळीनंतर ओसरीवर शिकवायचे. शिकायला आम्ही दोघी होतो. दुसरी माझी मामेबहीण. मामा लातूरला तहसील कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकून. लातूरला मुलींची पुढची सोय नव्हती म्हणून त्यांनी तिला आमच्याकडे ठेवलं होतं. ती माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठी, तेवढ्यावर मी तिला अक्का म्हणायची. ती नको म्हणायची. "सहा महिन्यांत काय म्हातारी झाले का गं मी?" पण हाक लागली ती लागलीच. पुढे तिची मुलंसुद्धा तिला अक्काच म्हणत.

अभ्यासात ती माझ्या पुढे होती. हे मी आता सहज लिहिते, तेव्हा मान्य केलं नसतं. गणित तिचं, अक्षर माझं. वह्यांना पुठ्ठे मी घालायची, दौतीची झाकणं मी लावायची, कोणत्या दिवशी काय वाचायचं त्याचा तक्ता मी करायची. अक्का तक्त्याकडे बघायची आणि म्हणायची, "एवढ्या वेळात धडा झाला असता." बाबा म्हणायचे, "हिच्या हातात कागद दिला की काळजी मिटली." माझ्याबद्दल घरात हे सगळ्यांचंच मत होतं.

दोघी मॅट्रिक झालो. बाबांनी दोघींचे अर्ज हैदराबादच्या मुलींच्या एका कॉलेजकडे पाठवले, जिथे सगळं इंग्रजीतून शिकवत. जागा थोड्या, वसतिगृहात तर वीसच मुली घेत. अक्का उन्हाळ्यात लातूरला गेली आणि तिथे तिच्या शिक्षणावर बोलणी झाली. आमची लातूरची आजी आधीच नाराज होती. निलंग्याचं एक स्थळ सांगून आलेलं होतं, शेतीवाडीचं, चांगलं. मामांनी मध्यम मार्ग काढला. त्यांचं कार्ड आलं त्यात लिहिलं होतं की या साली जागा मिळाली आणि नाव लागलं तर शिकू द्यायचं, नाही लागलं तर मार्गशीर्षात लग्न. आईकडून म्हणजे आजीकडून एवढाच शब्द घेतला आहे, दुसरं साल मागता येणार नाही. त्याच कार्डाच्या शेवटी माझ्यासाठी ओळ होती: कॉलेजचं पत्र आलं की तारीख आमच्या पद्धतीने लिहून कळव, रुखसतीची अर्जी द्यायची आहे. रुखसत म्हणजे रजा.

आमच्या पद्धतीने म्हणजे फसली. निजामाच्या कचेऱ्यांत आणि शाळांत फसली साल चालायचं. शाळेच्या फळ्यावर रोज फसली तारीख लिहिलेली असे. घरात आई पंचांगातल्या तिथीवर चाले. इंग्रजी तारीख रेल्वेत आणि बाबांच्या इंग्रजी वर्तमानपत्रावर. आम्ही तीन तारखांत वाढलो आणि त्याचं आम्हाला काही वाटत नसे. एकादशी तिथीने, परीक्षा फसलीने, गाडी इंग्रजीने. फसली महिने शाळेत पाठ करून घेत: जून म्हणजे अमरदाद, जुलै म्हणजे शहरेवर, असं एका सुरात. पण ते महिने इंग्रजी महिन्यांशी जुळत नसत. अमरदाद सुरू व्हायचा तो जूनचे पाच दिवस उलटल्यावर. म्हणून इंग्रजी तारखेतून पाच वजा करायचे की फसली तारीख मिळे. बाबा हे बोटांच्या पेरांवर करत. मलाही येत होतं.

पत्रं आली तेव्हा बाबा अहमदपूरला लग्नाला गेले होते. दोन लांब पाकिटं, टाइप केलेली. आईला इंग्रजी येत नव्हतं. ती म्हणाली, "त्यांना येऊ दे, मग फोड." मी फोडली. दोघींना जागा मिळाली होती. वीस जूनला सकाळी दहाला हजर व्हावं, त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत जी मुलगी आली नसेल तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली जाईल. मी ते आईला मराठीत वाचून दाखवलं. आईने देवापुढे साखर ठेवली.

मग मी लातूरला कार्ड लिहायला बसले. पेन्सिलीने रेघा आखल्या, शाईने लिहिलं, शाई वाळल्यावर रेघा खोडल्या. न्यायच्या सामानाची यादी एकाखाली एक, आकडे घालून. आणि वर, ठळक: अमरदादच्या वीस तारखेला सकाळी दहा वाजता हजर राहणे.

महिना मी बदलला आणि आकडा तोच ठेवला. का, ते मला सांगता येत नाही. पुष्कळदा विचार केला आहे. घाई नव्हती, कोणी हाक मारली नाही, मन दुसरीकडे नव्हतं. उलट मी फार लक्ष देऊन लिहीत होते. कार्ड सुबक झालं होतं.

बाबा आल्यावर मी माझं पत्र त्यांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "लातूरला कळवलंस?"

"हो."

"तारीख?"

"लिहिली, फसलीत."

"शाबास," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

आम्ही दोघं एकोणीसला निघालो आणि वीसला सकाळी नऊला कॉलेजच्या फाटकाशी होतो. अक्का लातूरहून मोटारीने लातूर रोडला आणि तिथून उदगीर-बीदरवरून येणाऱ्या गाडीने येणार होती. दहा वाजले, माझं नाव लागलं. एका हमालाने माझी ट्रंक वरच्या मजल्यावर नेली. मला खिडकीजवळची खाट मिळाली होती. शेजारच्या खाटेवर अक्काच्या नावाची चिठ्ठी ठेवलेली होती. मी खाली येऊन बाबांजवळ वऱ्हांड्यात बसले.

बारा वाजता बाबा म्हणाले, "गाडी चुकली असेल. रात्री विकाराबादला अडकले असतील." दोन वाजता ते रस्त्यापर्यंत जाऊन आले. तीन वाजता त्यांनी डबा उघडला, आईने दिलेले धपाटे होते, आम्ही खाल्ले. खाताखाता ते थांबले.

"कार्डावर काय लिहिलं होतंस? शब्दशः सांग."

मी सांगितलं. सामानाच्या यादीसकट सांगितलं, मला पाठ होतं.

मग अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत त्यांनी मोजलं. मोजायची गरज नव्हती. "आज अमरदादची पंधरा आहे," ते म्हणाले.

मला घाम आला किंवा रडू आलं असं म्हणायला हवं, पण तसं काही झालं नाही. माझ्या हातात धपाट्याचा तुकडा होता तो मी खाऊन टाकला. बाबांनी हात धुतले, तारघराची चौकशी केली आणि गेले. तारेत फक्त लगेच या असं लिहिलं. परत येऊन ते प्रिन्सिपॉलबाईंना भेटले. बाई इंग्रज होत्या, वयस्कर, कडक, पण वाईट नव्हत्या. त्यांनी सांगितलं की पत्रात जून लिहिलं होतं आणि तो जूनच आहे. पाच वाजता वरंगलच्या एका मुलीला बोलावून घेतलं. ती गावातच नातेवाइकांकडे येऊन थांबली होती. तिने अक्काच्या खाटेवरची चिठ्ठी उचलून माझ्याकडे दिली आणि आपली वळकटी सोडली. चांगली मुलगी होती. पुढे तीन वर्षं ती माझ्या शेजारी राहिली.

मामा आणि अक्का बावीसला सकाळी आले. बाबा त्या दिवसापर्यंत एका ओळखीच्यांकडे थांबले होते. फाटकाशी टांगा थांबला तेव्हा आम्ही दोघं उभे होतो. टांग्यात मागे ट्रंक, वळकटी, कंदील, तांब्या, पितळेचा डबा. सगळं माझ्या यादीप्रमाणे. तांब्यासुद्धा.

मामा उतरले ते हसत. "काय दाजी, तार कशाला? आम्ही अमरदादच्या अठराला निघणारच होतो की. रुखसत मंजूर करून ठेवली होती. ह्या तारेनं घरात रडारड झाली, आईला वाटलं कुणी गेलंच."

अक्का म्हणाली, "मी म्हणलं, नांदेडवाल्यांना दम निघून नाही राहिला. आमच्यावाचून कॉलेज उघडायचं नाही म्हणत असतील." मग तिने माझ्याकडे बघितलं. "काय गं? तोंड का असं करून राहिलीस?"

बाबांनी सांगितलं. उभ्या उभ्या, तीन वाक्यांत. चूक आमच्या घरून झाली असं म्हणाले, माझं नाव घेतलं नाही. मामांनी खिशातून कार्ड काढलं, उलटंसुलटं केलं, वाचलं. अक्काने ते त्यांच्या हातून घेतलं आणि तिनेही वाचलं. तारखेवर बोट ठेवलं आणि उचललं. मामा म्हणाले, "अक्षर तर मोत्यासारखं आहे हो. शंका कशी यावी?"

सगळे कचेरीपर्यंत गेलो. अक्काला बाहेर बाकावर बसवलं, आत बाबा, मामा आणि मी. मला का आत नेलं ते आठवत नाही. बहुतेक चूक माझी होती म्हणून. बाबा इंग्रजीत बोलले, बराच वेळ. मामांना इंग्रजी येत नव्हतं, ते बाईंच्या टेबलावरच्या घड्याळाकडे बघत होते. बाबांनी फसलीचं समजावून सांगितलं, लग्नाचंही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की एकविसावी खाट त्या ठेवू शकत नाहीत. पण दोन्ही मुली एकाच घरच्या आहेत, दोघींचे गुण सारखेच आहेत, बाहेरच्या मुलीचे थोडे जास्तच. या मुलीने आपली जागा तिला द्यायची ठरवली तर त्यांची हरकत नाही, आज नाव बदलून घेता येईल. आणि ही पुढच्या साली अर्ज करू शकते.

हे मला सगळं समजलं. बाई सावकाश बोलत होत्या.

मला स्थळ आलेलं नव्हतं. बाबांनी मला घरी आणखी एक वर्ष शिकवलं असतं आणि पुढच्या साली आणून सोडलं असतं, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. माझं एक वर्ष जाणार होतं. अक्काला दुसरं वर्ष नव्हतं. हे मी आज कळलं म्हणून लिहीत नाही. तेव्हाही मला ते असंच, याच क्रमाने दिसत होतं.

बाबांनी माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "काय म्हणतेस?"

मी म्हणाले, "माझी ट्रंक वर गेली आहे."

बाबा "बरं" म्हणाले आणि बाईंचे आभार मानून उठले.

बाहेर येताना मामांनी विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"जागा नाही म्हणतात," बाबा म्हणाले.

अक्का बाकावरून उठली. टांगेवाला थांबलेलाच होता. तिने आपल्या ट्रंकेतून शाईच्या दोन दौती काढल्या आणि मला दिल्या. "घे. मला काय शेतात लिहायचंय?" मामा तिला रागावले, असं काय बोलतेस म्हणून. ती हसली. "खरंच देते हो बाबा, इथं शाई महाग असेल." बाबा त्यांच्याबरोबरच स्टेशनवर गेले. टांगा वळेपर्यंत मी फाटकाशी उभी राहिले आणि मग आत गेले, कारण जेवणाची घंटा झाली होती.

त्या वर्षाचं मला फार थोडं आठवतं. वेळापत्रक आठवतं. कपाटाचा खालचा खण आठवतो. दर रविवारी मी दोन पत्रं लिहायची, एक नांदेडला, एक लातूरला, दोन्ही एकाच मापाची. अक्काचं उत्तर यायचं आणि त्यावर वर दोन तारखा असायच्या, इंग्रजी आणि फसली, शेजारी शेजारी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं टोमणा आहे. बहुतेक होताच. पत्रात मात्र बाकी काही नसे. आजीचे गुडघे, पाऊस, भावाची मुंज. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. माझी सहामाही परीक्षा होती, मी गेले नाही. परीक्षा पुढे ढकलून मिळाली असती, दोन मुलींनी तसं करून घेतलं होतं. मी विचारलं नाही.

बाबांनी तो विषय पुन्हा काढला तो एकदाच. त्या दिवाळीत मला परत सोडायला आले तेव्हा फलाटावर म्हणाले, "तारखेची चूक माझीही आहे. मी कार्ड बघायला हवं होतं." मी वाट पाहिली. दुसऱ्या गोष्टीबद्दल ते काहीच बोलले नाहीत, पुढेही कधी नाही.

मी पदवी घेतली, नांदेडला परत आले, मुलींना इंग्रजी शिकवलं. निजामाचं राज्य गेलं, फसली गेली. शाळेच्या फळ्यावर इंग्रजी तारीख आली आणि मुलं अमरदाद विसरली. अक्काच्या पत्रावर दोन तारखा येतच राहिल्या. निलंग्याच्या त्या घरात तिच्याशिवाय कोणाला फसली तारीख लागत नव्हती. ती पाच वजा करत राहिली.

तुमची आई दहा-बारा वर्षांची असताना मी तिला घेऊन उन्हाळ्यात निलंग्याला गेले होते. तिला आठवत असेल, ती सगळा दिवस पोरांबरोबर आंब्याखाली होती. अक्का अंगणात शेवया करत होती. मी खाटेवर दांड्या मांडून शेवया वाळत घालत होते. तिच्या घरात बरं चाललं होतं. नवरा चांगला होता, सासू कटकटी पण मायाळू. मुलांचा अभ्यास ती घ्यायची. मोठ्या मुलाला ती बीजगणित शिकवत होती आणि शिकवताशिकवता कणकेचे हात झटकून जमिनीवर बोटाने आकडे काढत होती. तो उठून गेल्यावर ती खाली बघूनच म्हणाली, "ट्रंक लई जड होती का गं तुझी?"

"कोणती ट्रंक?"

"वर गेलेली."

मी हातातली शेवयांची लड दांडीवर टाकली. मग म्हणाले, "तू बाहेर बाकावर होतीस."

"बाकावरच होते. दार उघडं होतं. आणि इंग्रजी तुझ्या बाबांनी मलाबी शिकवलं होतं, विसरलीस का? तुझ्या आधी कळायचं मला."

"मग आत का नाही आलीस? बोलायचं होतंस."

"मला विचारलं होतं का कुणी? तुला विचारलं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी शोधला, नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं. मी माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तिची सासू आतून ओरडली, "काय गप्पा हाणून राहिल्यात दोघी? उन्हं चालली, शेवया चिकटतील की!" अक्का म्हणाली, "ऐकलंस ना? टाक लवकर." आणि मी टाकत राहिले. माफी मागायची राहिली. तिथे मी चार दिवस होते, म्हणजे वेळ नव्हता असं नाही.

निघायच्या दिवशी तिने पत्र्याच्या डब्यातून ते कार्ड काढून माझ्या पिशवीत घातलं. "हे ने. माझ्याकडं कशाला? तुला कागद नीट ठेवायची सवय आहे." मोटारीच्या खिडकीशी उभी राहून तिने तुमच्या आईला विचारलं, "काय गं, पुढं शिकणार का?" तुमची आई हो म्हणाली. "मग आईला तारीख विचारू नको हं," अक्का म्हणाली आणि दोघी हसल्या. तुमच्या आईला तो विनोद कळला नव्हता, ती मोठी माणसं हसतात म्हणून हसली.

अक्काला जाऊन चार वर्षं झाली. शेवटच्या पत्रावरही दोन तारखा होत्या.

तर मोठी, तुला एवढंच. पत्रात ८/९ लिहिलं असेल तर खाली स्वतःच्या अक्षरात महिन्याचं नाव लिही आणि फोन करून विचार. एक दिवस आधी जा. तिथे तुझ्यासारखीच दुसरी कोणी उशिरा आलेली दिसली तर तिच्यासाठी काय करावं हे मी सांगू शकत नाही. सांगायचा अधिकार त्या दिवशी गेला. पण कोणी तुला काय म्हणतेस असं विचारलं तर त्याच प्रश्नाचं उत्तर दे. ट्रंकेचं सांगू नको. तुझ्या हातून चूक झाली तर ती त्याच दिवशी, स्वतःच्या तोंडाने, ज्याचं नुकसान झालं त्याला सांग. मी पन्नासएक वर्षं थांबले आणि तेही चुकीच्या माणसांना सांगते आहे.

चादरीचा काठ झाला की पाठवीन, थंडीला उपयोगी पडेल.

लातूरचं मामांचं घर आता राहिलेलं नाही, तिथे दुकानं झाली. माझी ट्रंक पहिल्या बदलीत गंजून फेकली. अक्काने दिलेल्या दौतींपैकी एक फुटली, दुसरी कुठे गेली माहीत नाही. तिची पत्रं आहेत, वर्षाप्रमाणे बांधून ठेवलेली. आणि ते कार्ड आहे. शाई तपकिरी झाली आहे, पेन्सिलीच्या रेघा उजेडात धरल्या तर अजून दिसतात, आणि तारीख स्वच्छ वाचता येते.

तुमची आजी